कागद-पेन्सिलीच्या शास्त्राची परिषद

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. त्यात प्राचीन स्तूपाच्या कठड्याचे दगड निघाले, आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आढळली. ज्याने जो दगड दिला त्याचे नाव त्या दगडावर. कठडा मात्र सर्वांचा. विद्वानांच्या परिषदेचा निबंधसंग्रह हाही असाच कठडा असतो. ज्या परिषदेचा इतिहास येथे सांगावयाचा आहे ती संगणकशास्त्राची असली, तरी पवनीकरांना तिची रीत परकी वाटू नये.

ह्या परिषदेचे नाव लांबलचक आहे: ‘फाउंडेशन्स ऑफ सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी अँड थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्स’. आम्ही तिला नुसते ‘परिषद’ म्हणू. तिचे पहिले अधिवेशन १९८१ साली बंगलोरला भरले. तेव्हापासून ती दरवर्षी, बहुधा डिसेंबरात, भरत आलेली आहे. परदेशी शिकविणारे आपले लोक त्या सुमारास घरी येतात, ही सोयही काही लहान नव्हे.

आता कोणी विचारील की, १९८१ साली देशात संगणक होते किती? मोजकेच होते. बाहेरून आणावयाचे तर परवाना हवा आणि परकीय चलनही हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९६० साली ‘टिफ्रॅक’ हे यंत्र चालू झाले होते. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची स्मरणशक्ती अवघ्या २,०४८ शब्दांची! अशा देशात संगणकाच्या सिद्धांतावर आंतरराष्ट्रीय परिषद भरविणे म्हणजे विहिरीआधी मोट घेण्यासारखे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा आक्षेप शास्त्राचे स्वरूप न जाणल्यामुळे येतो.

एक उदाहरण घेऊ. पवनीचा एक व्यापारी आसगाव, अड्याळ, लाखांदूर अशा वीस गावी माल पोचवून परत येणार आहे. कोणत्या क्रमाने गेल्यास वाट सर्वांत कमी पडेल? सगळे क्रम लिहून पाहू म्हटले तर ते सुमारे २४ हजार कोटी कोटी भरतात. सेकंदाला १०० कोटी क्रम तपासणारे यंत्र त्याला दिले तरी ७७ वर्षे लागतील. माल तर सडेलच, व्यापारीही उरणार नाही. यादीत आणखी एकच गाव घातले की दीड हजारांवर वर्षे! म्हणजे यंत्राचा वेग वाढवून सुटका नाही, रीतच निराळी शोधली पाहिजे. अशा सर्व प्रश्नांना पुरून उरेल अशी झटपट रीत मुळात आहे की नाही, हा ह्या शास्त्रातला सर्वांत मोठा प्रश्न असून तो अद्याप सुटलेला नाही. तो सोडविण्यास यंत्र लागत नाही. कागद, पेन्सिल, आणि आपली चूक तोंडावर सांगणारे चार जाणते लोक लागतात. परिषद हवी होती ती त्या चार लोकांसाठी.

त्यापूर्वी आपल्या अभ्यासकाला असे लोक गाठण्यासाठी युरोप-अमेरिकेकडे पाहावे लागे. निबंध तिकडे पाठवावा आणि तो स्वीकारला गेला तरी प्रवासखर्चापायी जाणे राहून जावे, ही गोष्ट विरळ नव्हती. ह्यावर सोपा उपाय होता: आपल्यापुरती घरगुती सभा भरवावी आणि एकमेकांची पाठ थोपटावी. परिषदेने तो मार्ग धरला नाही, हे आम्हांला तिचे सर्वांत मोठे कर्तृत्व वाटते. निवड समितीत देशी आणि परदेशी दोन्ही पंडित घेतले गेले. निबंध जगभरातून मागविले गेले. घरचा म्हणून कोणाला सवलत नाही. १९८४ च्या चौथ्या अधिवेशनाचे निबंध स्प्रिंगर ह्या जर्मन प्रकाशकाच्या प्रसिद्ध मालेत निघाले आणि पुढे बरीच वर्षे तेथेच निघत राहिले.

महाराष्ट्रात परिषद प्रथम आली ती पुण्याला, १९८७ साली. १९८८ सालीही ती तेथेच भरली. मग १९९३ चा डिसेंबर आणि मुंबई. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईने दंगली पाहिल्या, मार्चात बाँबस्फोट पाहिले. आणि वर्ष संपता संपता त्याच शहरात देशोदेशीचे लोक फळ्यापुढे बसून सिद्धतांवर वाद घालीत होते. नंतर २००३, २०११ आणि २०१९ साली परिषद पुन्हा मुंबईस आली. नागपूरचे नाव मात्र तिच्या स्थळांच्या यादीत आम्हांला आढळले नाही; विदर्भाच्या विद्यापीठांनी ते मनावर घ्यावे.

२००२ च्या डिसेंबरात परिषद कानपूरला होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कानपूरच्याच आय.आय.टी.तील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी, एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे निश्चितपणे व झपाट्याने ठरविण्याची रीत सिद्ध करून जगाला चकित केले होते. ते काम परिषदेने घडविले असा आमचा दावा नाही. परंतु ज्या देशात वीस वर्षे ह्या विषयाची बैठक मोडू दिली गेली नव्हती, त्या देशात ते घडले, हे विसरता येत नाही.

२००८ साली परिषदेने आणखी एक पाऊल टाकले. विकत घ्यावयाच्या ग्रंथांत निबंध छापणे सोडून, जर्मनीतील डागस्टूल येथील केंद्राने काढलेल्या खुल्या मालेत ते देण्यास तिने सुरुवात केली. त्या मालेचा दुसरा खंड ह्या परिषदेचाच आहे. निबंधाचा हक्क लेखकाकडे राहतो आणि वाचणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. पवनीच्या महाविद्यालयातला मुलगा तो मोबाइलवर उघडू शकतो. समजण्यास कष्ट पडतील, ते कोणालाही पडतात.

२०२० चे अधिवेशन गोव्यात, बिट्स पिलानीच्या तेथील संकुलात व्हावयाचे होते. महामारीमुळे कोणाला गोव्यास जाता आले नाही; वक्ते आपापल्या घरून बोलले आणि श्रोत्यांनी घरूनच शंका विचारल्या. त्या वर्षीचे निबंधही त्याच मालेत, १८२ व्या खंडात, सर्वांसाठी खुले ठेवलेले आहेत.