दाखवायचे दात, खायचे दात

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून सोन्याची अंबारी घेऊन निघणारा हत्ती पाहताना नजर प्रथम जाते ती त्याच्या सुळ्यांकडे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. उत्तर ध्रुवाजवळच्या हिमसागरातील वॉलरसच्या बाबतीत मात्र हे सत्य उमगायला फार काळ लागला. हा अवाढव्य, मिशाळ प्राणी समुद्रतळातील शिंपल्यांवर जगतो. तेव्हा लांब सुळ्यांनी चिखल उकरूनच तो ते काढीत असणार, असा समज रूढ होता. फ्रान्सिस फे यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तो खोडून काढला.

वॉलरसकुळाचे अश्मीभूत अवशेषही हेच सांगतात. सुमारे 1 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर वावरणाऱ्या या कुळातील आद्य प्राण्यांना लांब सुळे नव्हतेच. टोकदार दातांनी ते मासे पकडीत. पुढे कुळाला अनेक शाखा फुटल्या. कॅलिफोर्नियात सापडलेल्या आणि 1991 मध्ये वर्णिलेल्या गोम्फोटारियाला वर दोन आणि खाली दोन असे चार सुळे होते. 1994 मध्ये टॉमस डेमेरे यांनी सान दिएगोजवळच्या चुला व्हिस्टा येथील व्हॅलेनिक्टसचे वर्णन केले. त्याच्या तोंडात दोन सुळ्यांखेरीज एकही दात नव्हता!

मग तो खात तरी कसा असेल? याचे उत्तर आजच्या वॉलरसच्या टाळूत आहे. हा टाळू घुमटासारखा खोल असतो. शिंपला ओठांत घट्ट धरून वॉलरस आपली जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे मागे खेचतो. त्या ओढीने आतले मऊ मांस तोंडात येते आणि रिकामी शिंपली तळाशीच राहते. चावण्याचे कामच नसल्यामुळे दाढांचे महत्त्व उरले नाही. व्हॅलेनिक्टसही असाच चोखून खात असावा. सुळे टिकले ते कळपातील मानासाठी आणि बर्फावर चढताना आधारासाठी.

त्या विस्तीर्ण कुळातील आज एकच जाती उरली आहे. तिचे अन्न उथळ समुद्राच्या तळाशी आणि विसावा वर तरंगणाऱ्या बर्फावर. तो बर्फ आता उन्हाळ्यात दूर हटू लागला आहे, आणि पॅसिफिककडील कळप हजारोंच्या संख्येने किनाऱ्यावर दाटी करू लागले आहेत. लाखो वर्षांत घडलेली जीभ अन्न मिळवून देईल. विसाव्याची जागा मात्र ती निर्माण करू शकत नाही.