सन १९५६ : भारतीय फुटबॉलचे एक वर्ष

श्रोतेहो, फुटबॉल म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला कलकत्ता आठवतं, फार तर गोवा. पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीत, तळवड्यात किंवा चाकणच्या बाजूला विचारलं, तर कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट यांच्यापुढे गोष्ट सरकत नाही. भोसरीची कबड्डी सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. खडकी आणि देहूरोडच्या छावण्यांत जवान मात्र पुष्कळ वर्षांपासून चेंडूमागे धावत आले, आणि पुणे परिसरातला फुटबॉल बराचसा या छावण्यांच्या आश्रयानेच वाढला. पण आज मला सांगायचं आहे ते एका वर्षाविषयी. सन १९५६. त्या वर्षी भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये चौथा आला. त्याच्याआधी तितका वर तो कधी गेला नव्हता आणि त्याच्यानंतरही गेलेला नाही.

हे वर्ष समजायचं तर काही वर्षं मागे जावं लागतं. १९४८ साली लंडनला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून २-१ असे हरले, पण हरूनही त्यांचं कौतुकच झालं. तेव्हा अनवाणी पाय हा आपल्याकडे अभिमानाचा विषय होऊन बसला होता. १९५२ ला हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने हा अभिमान उतरवला. सामना १०-१ असा गेला. आपला एकुलता एक गोल अहमद खानचा. दहा गोल खाल्ल्यावर देशातल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी बूट सक्तीचे केले. दहा गोल खाल्ल्याशिवाय आपल्याला बुटांचं महत्त्व पटलं नाही, हे खरं. पण पटलं तेव्हा मात्र चटकन पटलं, हेही खरं. आणखी एक अडचण होती. आपल्याकडे त्या काळी सामना ७० मिनिटांचा असे आणि बाहेर ९०. शेवटची २० मिनिटं आपल्या पोरांच्या पायांना ठाऊकच नव्हती.

आता देशातलं १९५६ बघा. कलकत्त्याची लीग मोहन बागानने जिंकली, आणि आय. एफ. ए. शील्डही त्यांनीच नेली. दिल्लीचा ड्युरँड चषक ईस्ट बंगालकडे गेला. मुंबईचा रोव्हर्स चषक, जो १८९१ पासून चालत आला होता, तो महंमेडन स्पोर्टिंगने पटकावला. म्हणजे देशातल्या मोठ्या चषकांवर त्या साली कलकत्त्याच्याच तीन संघांची नावं कोरली गेली. पण एवढ्यावरून कलकत्त्याचा फुटबॉल म्हणजेच देशाचा फुटबॉल असं समजू नका. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस या संघाने कुणाला हात लावू दिला नव्हता. मुंबईच्या कूपरेजवर येऊन हे पोलीस खेळायचे आणि चषक घेऊन परत जायचे. त्यांचा शिक्षक एकच होता, सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. १९४३ पासून हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव, १९५० पासून पोलीस संघाचे शिक्षक. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० हरवून सुवर्णपदक मिळवलं, तेव्हाही संघ त्यांच्याच हाताखाली होता, आणि हेलसिंकीचे दहा गोलही त्यांनीच पाहिले होते. मास्तर माणूस तो. नापास झालेल्या पोराला पुढच्या वर्षी पुन्हा बसवणारा. परक्या संघांचा खेळ डोळे उघडे ठेवून पाहायचा आणि त्यातलं घेण्याजोगं घ्यायचं, ही त्यांची रीत. १९५३ साली हंगेरीने वेंब्लीवर इंग्लंडला ६-३ असं लोळवलं, तेव्हा त्यांचा मधला आघाडीचा खेळाडू मागे राहून खेळत होता आणि इंग्रज बचावपटूंना कुणाला धरावं ते कळेना. ही नवी चाल साऱ्या जगात चर्चेची झाली होती. नुसती लाथ मारून चेंडू पुढे ढकलण्याऐवजी जमिनीलगत, छोट्या छोट्या पासांनी पुढे सरकायचं, दोन्ही पाय चालवायचे, हे रहीम आपल्या पोरांकडून घोटून घेत असत.

आणि याच वर्षी एक चमत्कारिक गोष्ट झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना अमलात आली. हैदराबाद संस्थानाचं जे राज्य झालं होतं, ते नकाशावरून गेलं. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये, आणि आपला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात. राज्य गेलं, पण फुटबॉलचं हैदराबाद राहिलं! १९५६-५७ च्या संतोष चषकात हैदराबाद याच नावाने संघ उतरला आणि अंतिम सामन्यात त्यांनी हरवलं ते आपल्या मुंबईला. पुढच्या वर्षी पुन्हा तीच जोडी, पुन्हा तोच निकाल. मुंबईने हा चषक १९५४-५५ मध्ये जिंकला होता, तेव्हा मुंबईचा संघ काही लेचापेचा नव्हता. पण रहीमच्या तालमीतल्या पोरांपुढे त्यांचं चाललं नाही.

या वर्षाला एक काळी बाजूही आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. सप्टेंबर १९५६ मध्ये हाँगकाँगला पहिला आशिया चषक झाला. दक्षिण कोरियाने तो जिंकला, इस्रायल दुसरं आलं. त्यात भारत नव्हता. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलेला, काही आठवड्यांत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत जाणारा संघ आशियाच्या पहिल्या चषकाला हजर नाही! ऑलिंपिकपुढे बाकीच्या स्पर्धा आपल्याला दुय्यम वाटत असत. माझ्या मते त्या पिढीच्या कारभाऱ्यांची ही सर्वांत महाग पडलेली समजूत.

आता मेलबोर्न. वर्ष मोठं धामधुमीचं होतं. हंगेरीत उठाव झाला, तो रणगाड्यांनी चिरडला. तिकडे सुएझचं युद्ध पेटलं. कुणी हंगेरीसाठी, कुणी सुएझसाठी, कुणी तैवानच्या भांडणापायी ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. फुटबॉलच्या स्पर्धेत शेवटी अकराच संघ उरले. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती, १९५२ च्या सुवर्णपदकाच्या मानकऱ्यांशी. पण हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही, आणि आपण न खेळता पुढे सरकलो.

१ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना. आपला कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. पी. के. बॅनर्जी आणि तुळसीदास बलराम हे दोघे अवघे वीस वर्षांचे. म्हैसूरचा केंपय्या, हैदराबादचे अझीझ, नूर महंमद, गोलरक्षकांत पीटर थंगराज आणि माटुंग्याचा नारायण. आणि आघाडीला मधोमध नेव्हिल डिसोझा.

हा नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा, पण खेळाडू घडला मुंबईत. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पोटापाण्यासाठी मुंबईला आलेल्या गोवेकरांची गावागावांची कूड असत, धोबी तलावाच्या आसपास तर खूपच. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत माणूस तिथे राही, आणि संध्याकाळी मैदानावर चेंडू असे. मुंबईच्या फुटबॉलचं अर्धं रक्त हे या गोवेकरांचं. नेव्हिल टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळला.

त्या दिवशी त्याने तीन गोल केले. नवव्या मिनिटाला पहिला, ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने तो फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला दुसरा, मॉरोने मध्यंतराआधी तोही फेडला. मध्यंतरानंतर नेव्हिलचा तिसरा, आणि हा मात्र फिटला नाही. शेवटी कृष्णस्वामी ऊर्फ किट्टूने चौथा मारला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा आशियातला पहिला खेळाडू म्हणून नेव्हिलचं नाव लागलं.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, आणि समोर कोण? तर तोच युगोस्लाव्हिया, हेलसिंकीचा. मध्यंतरापर्यंत ०-०. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिलने गोल केला. श्रोतेहो, हा क्षण जरा डोळ्यांपुढे आणा. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले, त्यांच्यावर भारत १-० ने पुढे, आणि अंतिम सामना पाऊण तासापेक्षाही कमी अंतरावर. पण ही आघाडी टिकली दोनतीन मिनिटंच. पापेचने बरोबरी केली, पाठोपाठ वेसेलिनोविचने दुसरा, पुन्हा पापेचने तिसरा. चौथा तर आपल्याच सलामच्या पायाला लागून आत गेला. ४-१. ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाला १-० हरवलं. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत होता; बाकीचे दोघे युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह.

पुष्कळ जण म्हणतात, हे चौथं स्थान नशिबाचं. अकरा संघ, पहिला सामना फुकट, आणि ऑस्ट्रेलियाला तेव्हा फुटबॉल कुठे येत होता? यात तथ्य नाही असं नाही. एकच सामना जिंकून आपण चौथे आलो, हे कबूल करायला हवं. पण मग दोन गोष्टी लक्षात घ्या. दहा गोलांवरून चारांवर येणं, तेही तासाभराच्या बरोबरीच्या झुंजीनंतर, हे नशिबाने होत नाही. त्याला चार वर्षांची शिकवण लागते. आणि दुसरं, ऑस्ट्रेलियाचा पराभव ही एका दिवसाची लॉटरी नव्हती. ऑलिंपिक संपल्यावर १२ डिसेंबरला सिडनीत दोन्ही संघ पुन्हा भेटले, तेव्हा भारताने ७-१ असा विजय मिळवला. शिवाय त्याच स्पर्धेत इंडोनेशियाने सोव्हिएत संघाला पहिल्या सामन्यात ०-० असं रोखलं होतं. आशियाचा फुटबॉल तेव्हा जगाच्या अगदी मागे नव्हता. मागे पडला तो पुढे, जग धावू लागल्यावर.

हे खेळाडू जगत कशावर होते, हा प्रश्न मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खेळासाठी पगार घेण्याची सोय नव्हती. हौशी खेळाडू म्हणूनच ऑलिंपिकला जायचं. मग कुणी पोलिसात, कुणी पलटणीत, कुणी कंपनीत. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेत नोकरीला होते आणि कलकत्त्याचे मोठे संघ सोडून अखेरपर्यंत रेल्वेकडूनच खेळले. १९५८ ला त्यांनी रेल्वेला कलकत्ता लीग जिंकून दिली. त्याच साली मुंबईत कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक नेला. म्हणजे तेलाची कंपनी आणि रेल्वे, या दोघांनी त्या वर्षी मोठमोठ्या क्लबांना मागे टाकलं. महिन्याचा पगार, सरावाला सुटी, दुखापत झाली तरी चूल पेटती. फुटबॉलचा पाया हा असा हजेरीपटावर उभा होता.

आणि इथे आपला पट्टा आठवतो. १९५६ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना नुकता उभा राहिला होता; जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. बाकी आजूबाजूला ज्वारीची शेतं, आणि पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव. मोठे कारखाने आले ते १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाल्यावर. टेल्को आली, आकुर्डीला स्कूटरचा कारखाना, आणि फार पुढे चाकण. हजेरीपट आले, पण ज्या काळात कंपन्यांचे संघ देशाला खेळाडू पुरवत होते तो काळ तोवर उताराला लागला होता. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स असे संघ आणखी काही दशकं चालले, मग एकेक करून मिटले. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला.

मुळेच्या एका काठाला वाकड आणि दुसऱ्या काठाला बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी तिथे मोठं क्रीडासंकुल बांधलं. २००७ साली निघालेला पुणे एफ. सी. हा संघ तिथे खेळला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. दोनतीन वर्षांत तो संघ थांबला. एफ. सी. पुणे सिटी आला, तोही २०१९ मध्ये मोडला, आणि त्याची लीगमधली जागा गेली कुणाकडे? हैदराबादकडे! संतोष चषकात मुंबईला दोनदा हरवणारं हैदराबाद, तेच नाव. २०२२ साली हैदराबाद एफ. सी. ने इंडियन सुपर लीग जिंकली.

रहीमसाहेबांनी १९६२ ला जकार्त्यात दक्षिण कोरियाला २-१ हरवून दुसरं आशियाई सुवर्ण मिळवलं, आणि वर्षाच्या आत, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने ते गेले. १९६० ला रोममध्ये भारताने हंगेरीला २-१ इतकं जवळ गाठलं, फ्रान्सशी १-१ बरोबरी केली आणि पेरूकडून हरून परतला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत त्यानंतर उतरलेला नाही. नेव्हिल डिसोझा १९८० च्या मार्चमध्ये गेला, तेव्हा त्याचं वय ४७ होतं.