जावईबापूंचे सोवळे

मुलीकडे केंटला सहा महिने राहायला जायचे ठरले, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मला इंग्लंडात काय काय बघायचे याची यादीच करून दिली होती. त्या यादीत राजवाडे होते, म्युझियमे होती, शेक्सपिअरचे घरही होते. सोवळे मात्र नव्हते. ते मला पहिल्याच शनिवारी बघायला मिळाले.

सकाळी स्वयंपाकघरात जावईबापू ओटा तिसऱ्यांदा पुसत होते. नळ्या, गाळणी, डाव, पिंप सगळे कसल्याशा औषधी पाण्यात बुडालेले. हात कोपरापर्यंत धुतलेले. आमची ही चहाचे आधण ठेवायला म्हणून आत गेली आणि सवयीने एक डाव बाजूला सारला.

‘‘आई, हात नका लावू!’’ जावईबापू ओरडले.

माझ्या आईचे सोवळे सांभाळण्यात हिच्या संसाराची पहिली वीस वर्षे गेली. आता साता समुद्रापलीकडे येऊन, पँट घातलेल्या जावयाकडून पुन्हा तेच ऐकायची पाळी! पण आईचे सोवळे निदान देवासाठी होते. जावईबापूंचे बिअरसाठी होते.

हे ऐकून मी दचकलो, हे कबूल करायला हवे. माझे बालपण मुंबईच्या दारूबंदीत गेले. १९४९ सालचा तो कायदा नाव बदलून अजून महाराष्ट्रात नांदतो आहे आणि प्यायला परवाना लागतो, हे बहुतेक पिणाऱ्यांना ठाऊकही नसते. आमच्या भाषेत दारू ‘गाळतात’. ती हातभट्टीवर, खाडीच्या कडेला, पोलीस येईपर्यंत. धुतलेल्या ओट्यावर, मुलीच्या संसारात, सासूसासऱ्यांच्या देखत गाळतात असे ऐकले नव्हते.

‘‘बाबा, बिअर गाळत नाहीत, आंबवतात,’’ जावईबापू म्हणाले. ‘‘इडलीसारखी.’’

इडली म्हटल्यावर हिचा चेहरा जरा सैल झाला.

कृती म्हणाल तर सोपी आहे. जव भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे. याला माल्ट म्हणतात. ते भरडून साधारण पासष्ट-सदुसष्ट अंश ऊन पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे दाण्यातल्या पिठाची साखर होते. मोड येताना दाण्यात जे पाचक तयार होते त्याची ही करामत. ते गोड पाणी गाळून घ्यायचे, त्यात हॉप्स नावाच्या वेलाची कडू हिरवी फुले घालून तासभर उकळायचे, निववायचे आणि यीस्ट घालून झाकून ठेवायचे. उकळून झाल्यावर मात्र कशाचाही विटाळ चालत नाही. एक परका जंतू आत गेला की आठवड्याने पिंपात बिअरऐवजी व्हिनेगर.

शहाणी माणसे माल्ट तयार विकत आणतात. जावईबापूंना मोडसुद्धा घरीच आणायचे होते. त्यांनी दोन किलो जव बादलीत भिजवला आणि तो पाण्यातच ठेवून ऑफिसला गेले. तिसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत वास आला. हिने दिवाणखान्यातूनच निदान केले, ‘‘मटकी नासली.’’

दुसरे दोन किलो आले तेव्हा हिने पदर खोचला. लहानपणापासून हिने आजोळी नाचणीचे सत्त्व होताना पाहिलेले. भिजवणे, उपसणे, निथळणे, मोड आणणे, वाळवणे, भाजणे, दळणे. ‘‘जावईबापू, दाण्याला पाण्याइतकीच हवा लागते,’’ असे म्हणून हिने जव उपसून ताटांत पसरला, दिवसातून चारदा हाताने वरखाली केला आणि पाचव्या दिवशी एक दाणा नखाने चिरून ‘‘आता बास’’ म्हणून सांगितले. जावईबापूंनी पुस्तक उघडून पाहिले. पुस्तकही ‘‘आता बास’’ असेच म्हणत होते.

ते पुस्तक मी मग वाचायला घेतले. बाहेर पाऊस, घरात टीव्ही कळेना, आणि जावईबापूंच्या फळीवर या विषयाची दहाबारा पुस्तके. माणूस बिअर न पिता किती वाचू शकतो, याचा विक्रम माझ्या नावावर असावा. पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. हिने पदर खोचला यात नवल काहीच नव्हते. हे काम मुळात बायकांचेच होते.

मध्ययुगातल्या इंग्लंडात एल नावाचे जे पेय घरोघर प्यायचे, ते करत बायका. त्यात हॉप्स नसत, त्यामुळे ते चार दिवसांत आंबट होई आणि पुन्हा करावे लागे. आपल्या ताकासारखेच. घरचे भागून उरले की बाई दारावर एक काठी लावी, तिच्या टोकाला झुडपाची डहाळी. म्हणजे आज या घरी ताजे एल आहे, भांडे घेऊन या. मग गावातला तपासनीस येऊन चाखून जाई. तेराव्या शतकापासून पाव आणि एल यांच्या भावाचा कायदाच होता, आणि त्याखाली या बायकांना इतक्या नेमाने दंड होई की इतिहासकार त्याला दंड न म्हणता परवाना-फी म्हणतात. सरकार सगळीकडे सारखेच. चाखायची नोकरी मात्र आपल्याकडे कधी निघाली नाही.

मग समुद्रापलीकडून, हॉलंड-फ्लँडर्सच्या बाजूने हॉप्स आले. हॉप्सने बिअर कडू झाली, पण मुख्य म्हणजे टिकाऊ झाली. टिकते म्हटल्यावर साठवता येते, साठवता येते म्हटल्यावर लांब विकता येते, आणि लांब विकायचे तर मोठी भांडी, भांडवल, पिंपे, गाड्या. एवढे सगळे पुरुषांच्या हाती. दोनतीनशे वर्षांत दारावरची काठी गेली आणि बाई धंद्यातून जवळजवळ बाहेर पडली. ज्युडिथ बेनेट नावाच्या विदुषीने १९९६ मध्ये यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आहे. मी तो हिला थोडा वाचून दाखवला. ही म्हणाली, ‘‘पापडांचं नाही का तेच झालं?’’

तरी घरच्यापुरती बिअर शेतावर, खेड्यांत होतच होती. तिच्या मागे लागला कर. माल्टवर कर, हॉप्सवर कर. विल्यम कॉबेट नावाच्या तापट संपादकाने १८२१-२२ मध्ये ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक काढले, त्यात पहिला मान बिअरला दिला. मजुरांनो, चहा सोडा, घरी बिअर करा, असा त्याचा उपदेश. चहाने माणूस अशक्त, आळशी होतो, असे त्याने खर्चाच्या हिशेबासकट मांडले आहे. हे वाचत असताना माझ्या हातात तिसरा कप होता. पुढचे पान मी उलटले नाही.

शेवटी १८८० मध्ये ग्लॅडस्टनसाहेबांनी माल्टवरचा कर काढला. शेतकरी खूश झाले. पण साहेबांनी तो कर थेट बिअरवर बसवला आणि घरी करणाऱ्यांनाही परवाना घ्यायला लावला. आपल्याच चुलीवर आपल्याच पातेल्यात काही शिजवायला सरकारचा कागद! ज्यांच्या घरी ही विद्या आजीकडून नातीकडे येत होती, तिथे ती हळूहळू थांबली. १९६३ मध्ये रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्याने ती अट काढून टाकली. विकू नका, बाकी हवी तेवढी करा. मधे त्र्याऐंशी वर्षे गेली होती. परवानगी आली तेव्हा शिकवायला आजी उरली नव्हती. म्हणून पुस्तके निघाली. सी. जे. जे. बेरीचे पुस्तक त्याच वर्षीचे, आणि जावईबापूंनी ते जुन्या वस्तूंच्या दुकानात पन्नास पेन्सला घेतलेले.

अमेरिकेत तर याहून गंमत. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला नाही. ती १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने मिळाली. आणि अलाबामा, मिसिसिपी या राज्यांनी २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली.

यीस्टची हकीकत हिला सर्वांत आवडली. १५१६ मध्ये बव्हेरियाच्या सरदारांनी बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये असा हुकूम काढला, त्यात यीस्टचे नावच नाही. ते काय आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. पिंपावर येणारा फेस बायका पुढच्या खेपेला जपून ठेवत. इंग्लंडात पंधराव्या शतकात त्याला ‘देवाची कृपा’ अशा अर्थाचे नाव होते. १८७१ मध्ये लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात गेला, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे यीस्ट पाहिले आणि ते बिघडले आहे म्हणून मालकांना तोंडावर सांगितले. मालकांनी लगोलग एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हॅन्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले.

‘‘म्हणजे विरजणच की,’’ ही म्हणाली. आणि जरा वेळाने, ‘‘आजोळचं विरजण आजी गेल्यावर कोणी सांभाळलं कोण जाणे.’’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते.

पुढच्या शनिवारी घाट घातला. मोडाचा जव भाजून, भरडून झाला होता. हिने रीतसर हात धुतले, केस बांधले आणि औषधी पाण्यातून डाव काढून घेतला. ऊन पाण्यातून भरडा गाळताना जावईबापू घाई करू लागले. ‘‘थांबा हो, चोथा खाली बसू दे. पहिलं गढूळ पाणी परत वरून ओता,’’ हिने बजावले. उरलेल्या चोथ्यात कांदा, तिखट, ज्वारीचे पीठ घालून हिने थालीपिठे लावली. बिअरच्या इतिहासातला माझा सहभाग तेवढाच. चार खाल्ली.

बाटल्या भरायच्या आत आमचे परतीचे विमान होते. इथे आल्यावर तीन आठवड्यांनी जावईबापूंनी फोनवर व्हिडिओ लावला आणि ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला. ही बिअर कधी प्यायली नाही, पिणारही नाही. चष्मा लावून ती त्या ग्लासाकडे बराच वेळ बघत राहिली.

‘‘गढूळ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी विमानाचं सामान भरायला आत गेले, तेवढ्यात ढवळलंत ना?’’

जावईबापूंनी ग्लास खाली ठेवला.

‘‘ढवळलं, आई.’’