गोरिलाचे गणगोत

मराठवाड्यात वानराची ओळख कोणास करून द्यावी लागत नाही. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात, उपळा नावाचे गाव आहे. तेथील ३२ एकर जमीन सरकारी दप्तरात वानरांच्या नावे असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शहरी वाचकांस नवल वाटले असेल. नांदेड-लातूरकडील वृद्धांस मात्र त्यात फारसे विलक्षण असे काही दिसले नसावे. वानर म्हटला की त्याची टोळी आली, टोळीचा हुप्प्या आला, पोटाशी पोर बिलगलेल्या माद्या आल्या. याच मुलखात आमच्या पिढीने माकडवाल्याच्या डमरूवर कोलांट्या मारणारे, दोरीला बांधलेले एकटे माकडही पाहिले आहे. टोळीतील आणि दोरीवरील या दोन प्राण्यांत जे अंतर आहे, तेच ओळखण्यास गोरिलाच्या पालकांस शंभरावर वर्षे लागली.

सॅव्हेज या अमेरिकन मिशनऱ्याने आफ्रिकेत मिळविलेल्या कवट्यांवरून १८४७ साली शास्त्रज्ञांस गोरिलाचा परिचय झाला. पुढे १८७६ साली बर्लिनच्या मत्स्यालयात ‘पोंगो’ नावाचे पिल्लू आले. त्याचे कोडकौतुक फार झाले, परंतु ते दीड वर्षही जगले नाही. त्यानंतर आलेल्या बहुतेकांची हीच गत झाली. कोणी थंडीस दोष दिला, कोणी अन्नास. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक हॉर्नाडे यांनी तर प्रौढ गोरिला बंदिवासात कधी दिसेल ही आशाच सोडली होती.

खरे कारण ध्यानी यावे अशी एक गोष्ट लंडनमध्ये घडली. १९१८ च्या सुमारास एका दुकानातून विकत घेतलेले, आजारी असे एक पिल्लू ॲलिस कनिंगहॅम या बाईंनी घरी वाढविले. जॉन डॅनियल हे त्याचे नाव. मेजावर बसून जेवणे, मुलांबरोबर गावातून फिरावयास जाणे, हे सर्व तो शिकला. रात्री एकटा ठेवल्यास तो आक्रोश करी, म्हणून त्याच्या सोबतीस कोणी निजावे लागे. तो मोठा झाला, घरात आवरेना, म्हणून १९२१ साली त्यास विकण्यात आले. अमेरिकेत सर्कशीच्या पिंजऱ्यात पडताच त्याने अन्न टाकले. बाईंना तातडीने बोलावणे गेले. त्या पोहोचण्यापूर्वीच तो मरण पावला. त्याची कातडी पेंढा भरून न्यूयॉर्कच्या संग्रहालयात ठेवली आहे. जॉन डॅनियलला ऊब व आहार यांची वाण नव्हती. त्याचे जे कोणी होते, तेच तेवढे तेथे नव्हते.

बंदिवासात पहिले पिल्लू जन्मले ते १९५६ च्या २२ डिसेंबरास, अमेरिकेतील कोलंबस येथे. ‘कोलो’ ही ती मादी साठ वर्षे जगली व २०१७ साली वारली. परंतु तिला वाढविले माणसांनीच. आईने आपले पिल्लू स्वतः सांभाळल्याचा पहिला प्रकार १९६१ साली बाझेल येथे घडला. ते पिल्लू ‘जांबो’. याच सुमारास जॉर्ज शॅलर यांनी विरुंगाच्या डोंगरात गोरिलांच्या सान्निध्यात राहून जे पाहिले, त्याने दुष्ट राक्षसाची जुनी कल्पना पार मोडली. पाठीवर रुपेरी केस आलेला नर कुटुंबाचा हुप्प्याच जणू. तो उठला की सर्व उठतात, बसला की बसतात. दुपारी माद्या विसावतात, पोरे त्याच्या अंगावर चढून खेळतात. पोर तीन-चार वर्षे आईच्या अंगावर पिते, आणि आईपण पाहून पाहूनच शिकावे लागते.

जांबो पुढे जर्सी बेटावरील संग्रहालयात गेला. १९८६ साली पाच वर्षांचा एक मुलगा त्याच्या आवारात पडून बेशुद्ध झाला, तेव्हा जांबो त्याच्या व इतर गोरिलांच्या मध्ये उभा राहिला व हलक्या हाताने त्याची पाठ कुरवाळू लागला. आईजवळ वाढल्याचे हे फळ, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. पण १९९६ साली शिकागोजवळ असेच मूल उचलून नेणारी ‘बिंटी जुआ’ माणसांच्या हातची होती, हेही विसरता येत नाही.

आता पालनाची रीत पालटली आहे. पेंढ्यात दाणे पेरून ठेवतात, म्हणजे शोधण्यात दिवस जातो. प्रौढ नरांस हृदयविकार फार; म्हणून क्लीव्हलंड येथे तयार गोड खाद्य बंद करून पालेभाज्यांवर भर दिला, तो त्यांचे वजन उतरले. जाळीशी छाती टेकून तपासणी करून घेण्यासही ते शिकतात. बळजबरी लागत नाही.

आपल्याकडील लोक म्हैसूरला सहलीस जातात, तेथील १८९२ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय पाहतात. तेथे ‘पोलो’ नावाचा नर होता. अखेरीस साऱ्या देशात तो एकटाच गोरिला उरला होता आणि २०१४ साली तो एकटाच गेला. मुले काचेवर टकटक करीत असतील, त्याच्याकडे पाहून हसत असतील. बोलावे असे सजातीय मात्र कोणी नव्हते. पुढे २०२१ साली तेथे जर्मनीहून ‘थाबो’ आणि ‘डेम्बा’ आले, एक चौदा वर्षांचा, एक आठ. दोघेही नरच. कुटुंबात हुप्प्या एकच असतो व नर-माद्या सारख्याच जन्मतात, म्हणून उरलेल्या नरांचा असा स्वतंत्र मेळा करण्याचा प्रघात पाश्चात्त्य संग्रहालयांत पडला आहे. संसार नव्हे, पण सोबत आहे.