आपोआप मिळणाऱ्या पत्त्याची कुळकथा

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’ असा एक पर्याय असतो. नव्या राउटरमध्ये तो चालूच येतो, म्हणून बहुतेकांना तो उघडून पाहायची वेळच येत नाही. फोन वायफायला जोडला, की १९२.१६८ने सुरू होणारा एखादा आयपी पत्ता त्याला मिळून जातो. इतकी साधी वाटणारी ही सोय प्रत्यक्षात यायला १९९३ साल उजाडावं लागलं.

त्याआधी नेटवर्क सांभाळणाऱ्याने प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन पत्त्याचे आकडे हाताने भरायचे. चुकून एकच पत्ता दोघांना गेला, की दोघांचंही काम अडायचं.

या कामावर पहिला तोडगा निघाला तो डिस्क नसलेल्या यंत्रांसाठी. ऐंशीच्या दशकात हार्ड डिस्क महाग होती. त्यामुळे अनेक वर्कस्टेशन्स डिस्कविना चालत आणि सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम नेटवर्कवरून घेत. बंद झाल्यावर स्वतःचा पत्ता लक्षात ठेवायला त्यांच्याकडे जागाच नसे. नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांक तेवढा कायम असे. तो सांगून आयपी पत्ता विचारायची ‘आरएआरपी’ ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी जून १९८४मध्ये मांडली. पण तिचे संदेश राउटर ओलांडत नसत, म्हणून नेटवर्कच्या प्रत्येक भागात वेगळा सर्व्हर लागे. सप्टेंबर १९८५मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ मांडलं. त्यात पत्त्याबरोबर सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइलचं नावही मिळे, आणि संदेश मधल्या यंत्रामार्फत दूरच्या सर्व्हरपर्यंत जाई.

तरीही कोणत्या मॅकला कोणता पत्ता द्यायचा, ही यादी माणसालाच भरावी लागे. दिलेला पत्ता परत घ्यायची तर तरतूदच नव्हती. आज इथे, उद्या तिथे असे लॅपटॉप आल्यावर ही उणीव चांगलीच जाणवू लागली.

ती भरून काढली डीएचसीपीने. पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने त्याचा मसुदा ऑक्टोबर १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७मध्ये सुधारलेली आवृत्ती आजही आधार आहे. माझ्या मते यातली खरी बुद्धिमत्ता पत्ता देण्यात नाही, परत घेण्यात आहे. पत्ता मुदतीने मिळतो. या मुदतीला लीज म्हणतात. लीज २४ तासांची असेल, तर साधारणपणे १२ तास झाल्यावर फोन स्वतःहून मुदत वाढवून मागतो. उत्तर आलं नाही, तर २१ तासांनंतर नेटवर्कवरच्या कोणत्याही सर्व्हरकडे मागतो. फोन निघून गेला असेल, तर मागणी येत नाही आणि मुदत संपल्यावर तो पत्ता दुसऱ्याला द्यायला मोकळा होतो. कोणी कोणाला काही कळवावं लागत नाही.

ड्रोम्स यांनी बूटपीच्या संदेशाचा साचा तसाच ठेवला. संदेश पुढे पोचवणारी जुनी यंत्रं त्यामुळे नव्या पद्धतीतही चालली. म्हणूनच आजचा फोन पत्ता मागतो, त्या संदेशातही बूटच्या फाइलच्या नावासाठी १२८ बाइटची जागा राखलेली असते. फोनला त्या फाइलची गरज नाही, पण जागा कायम आहे. चालू व्यवस्था न मोडता नवं आणायचा हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

मागणी करताना फोनकडे पत्ताच नसतो, म्हणून तो ०.०.०.० या नावाने सगळ्यांना हाक घालतो. उत्तर देणारे दोन सर्व्हर असतील, तर त्यातला एक निवडून आपली निवड पुन्हा सगळ्यांना कळवतो. घरात नेमकी इथेच गडबड होते. वायफायची रेंज वाढवायला जुना राउटर लॅन पोर्टने जोडला आणि त्याचं डीएचसीपी चालूच राहिलं, तर काही फोनना चुकीचा गेटवे मिळतो. नेट एका खोलीत चालतं, दुसरीत नाही, आणि बोल लागतो तो कनेक्शनला. अशा वेळी जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा.

बूटपीची ती मॅक आणि पत्त्याची यादी ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या नावाने राउटरमध्ये अजून आहे. प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांची नोंद तिथे करून ठेवा. त्यांचा पत्ता बदलणार नाही.