एल म्हणजे लिस्टर

1933 साली फ्रँकफर्ट विद्यापीठाने एमी क्लिनेबर्गर यांना कामावरून काढलं. त्या ज्यू होत्या, एवढंच कारण. वयाच्या चाळिशीत सगळं मागे टाकून त्या लंडनला आल्या आणि लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा कामाला लागल्या.

उंदीर चावल्याने जो ताप येतो, त्याचा एक जिवाणू त्या तिथे वाढवत होत्या: स्ट्रेप्टोबॅसिलस मोनिलिफॉर्मिस. त्यात त्यांना भलत्याच इवल्या वसाहती दिसल्या. मध्ये गडद, कडेने पातळ, थेट हाफ-फ्रायसारख्या! गुरांच्या फुफ्फुसाच्या एका रोगाचे जंतू असेच दिसतात. म्हणून 1935 मध्ये त्यांनी मांडलं की हा वेगळाच जीव आहे, जिवाणूच्या घरात बिऱ्हाड करून राहणारा. नाव ठेवलं एल-1. एल म्हणजे लिस्टर. देश सुटलेल्या बाईने आसरा देणाऱ्या संस्थेचं अक्षर वापरावं, हे मला फार आवडतं.

दिसलं ते खरं होतं, अर्थ मात्र चुकला होता. बॉस्टनमधले लुई डीनेस म्हणत होते, हा भाडेकरू नव्हे, हा घरमालकच आहे, स्वतःची भिंत पाडून बसलेला. कारण या वसाहतींतून पुन्हा मूळ जिवाणू उगवत होते. वाद बरीच वर्षं चालला. शेवटी क्लिनेबर्गर यांनी आपलं मत बदललं. अक्षर तेवढं राहिलं. आजही या रूपाला ‘एल-फॉर्म’च म्हणतात.

भिंत म्हणजे पेशीभित्तिका. ती नसेल तर बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुगून फुटतो. पेनिसिलिन नेमकं हेच करतं, भिंत बांधू देत नाही. पण आजूबाजूला पुरेशी साखर किंवा क्षार असतील तर पाण्याचा हा लोंढा थांबतो. 1956 मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी ई. कोलाय जिवाणूला साखरेच्या द्रावणात ठेवून पेनिसिलिन दिलं. तो मेला नाही, नुसता गोल गरगरीत झाला. आणि ज्याला भिंतच नाही, त्याच्यावर भिंत पाडणारं औषध काय करणार?

इथून मग अफवांचा रस्ताही सुरू होतो. संधिवातापासून कितीतरी जुनाट दुखण्यांचं खापर एल-फॉर्मवर फोडलं गेलं. बहुतेक दाव्यांमागे ठोस पुरावा नव्हता आणि त्यामुळे हा विषयच बराच काळ बदनाम झाला.

2019 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी तो पुन्हा नीट उघडला. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या वयस्क रुग्णांच्या लघवीत त्यांना भिंत नसलेले जिवाणू सापडले. औषध काढून घेतल्यावर त्यांची भिंत परत येते, हेही त्यांनी पाहिलं. संसर्ग उलटतो तो यांच्यामुळेच, हे अजून सिद्ध झालेलं नाही. शिवाय नेहमीच्या लघवी-कल्चरच्या बशीत त्यांना सांभाळून घेणारी साखर नसते. तिथे ते वाढतच नाहीत, आणि रिपोर्ट येतो: काही आढळलं नाही.