मास्ट्रिख्तचा जबडा आणि वाईचा कातळ

सातारा-सांगलीच्या काळ्या कातळात समुद्री सरीसृपाचं हाड मिळायचं नाही. हा सगळा थिजलेला लाव्हा. तरी वाईच्या शाळेत विज्ञान शिकवताना मास्ट्रिख्तच्या जबड्याची हकिकत मी मुलांना आवर्जून सांगत असे.

१७८०च्या सुमारास नेदरलँड्समधल्या या गावालगतच्या चुनखडीच्या खाणीत अजस्र जबडे निघाले. लष्करी शल्यवैद्य योहान हॉफमन यांना ती मगर वाटली. शरीररचनेचे नामांकित अभ्यासक पेट्रस काम्पर यांनी १७८६मध्ये तो देवमासा ठरवला. पुढे फ्रेंच फौजांनी गाव जिंकलं आणि जबडे पॅरिसला गेले. वडिलांचं मत बाजूला ठेवून आद्रियान काम्पर यांनी हा प्राणी सरड्यांच्या जवळचा मानला. १८०८मध्ये जॉर्ज क्युव्हिए यांनी ते पटवून दिलं.

पुरावा जबड्यातच होता. देवमाशाच्या खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते. इथं अनेक हाडं जुळलेली होती, म्हणजे सरपटणारा प्राणी. टाळूवरही दात होते. मगरीला ते नसतात, काही सरड्यांना असतात. बाकीची ठेवण घोरपडीच्या कुळाशी जुळत होती. १८२२मध्ये विल्यम कॉनिबेअर यांनी म्यूज नदीवरून ‘मोसासॉरस’ हे नाव दिलं. १८२९मध्ये गिडियन मँटेल यांनी त्याला हॉफमन यांचं नाव जोडलं.

याच गावावरून क्रिटेशस कालखंडाच्या शेवटच्या पर्वाला ‘मास्ट्रिख्तियन’ म्हणतात. ते पर्व सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपलं, तेव्हा मोसासॉरही संपले. त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हा ओसंडत होता. पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर या थरांना भूशास्त्रात ‘वाई उपगट’ म्हणतात, ते त्याच उद्रेकांचे. त्या विनाशात उल्कापाताचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

नष्ट झालेल्या प्राण्याची ओळख पटते ती जिवंत प्राण्याच्या हाडांशी ताडून. आपल्या डोंगरकपारींतली घोरपड हे असं एक जितंजागतं माप आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिला सर्वोच्च संरक्षण आहे, तरी मांसासाठी आणि कातड्यासाठी तिला मारतात. ज्या विद्यार्थ्याला जीवाश्म वाचायचे आहेत, त्यानं आधी घोरपड नीट पाहावी आणि तिला जगू द्यावं.